गजावरची खूण

गैबीमामाच्या गजावर दोन खुणा होत्या.
एक रिकामीची, एक भरलेलीची,
मध्ये चार बोटांचं अंतर.
"अंधारात डोळ्यांवर भरवसा ठेवू नगं," तो म्हणायचा.
"नळीत गज सोड. गज खोटं बोलत न्हाई."

मार्डीच्या माळाला लागून त्याचा सहा एकर शाळू,
आणि डुकरं हाकायला, सरकारी परवान्यावर,
आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक.
मी दहा वर्षांची. ती माझ्याहून उंच.

सुट्टीला सोलापुराहून निघताना
आप्पा पिशवीत सूत कोंबून द्यायचे,
मागाखाली पडलेलं, चादरींचं:
राणी, पोपटी, मोरपंखी.
मामाला बोळ्याला तेच लागायचं.
"तुझ्या बापाचं सूत घट्ट बसतंय की."

आधी शिंगातली दारू, मापाने.
मग बोळा. मग गज, ठक ठक,
उखळात काही मऊ कांडल्यासारखा.
मग छर्रे. पुन्हा बोळा. पुन्हा गज.
टोपी शेवटी. बांधावर पोचल्यावरच.
"तवर डुकरं जेवून, हात धुऊन, निजली असतील,"
मामी चुलीपाशी म्हणायची.

बार झाला की आधी धूर.
गंधकाचा, जाड,
वारा पडला असेल तर जागचा हलत नसे.
त्याच्यामागे मामा उभा,
लागलं का हुकलं
हे अजून कुणीच न सांगितलेला माणूस.
सकाळी मी ताटांमधून सूत वेचायची,
कडेला करपलेलं मोरपंखी,
पानाच्या काठाला चिकटलेलं.

एका रात्री घोडा पडला, टोपी फुटली,
आणि पुढे काहीच नाही.
मामाने बंदूक खांद्यावरून काढली नाही.
नळी तेवढी हळूहळू आभाळाकडे नेली.
"मोज," म्हणाला, माझ्याकडे न बघता. "शंभरपतुर."
आत ठिणगी जागी असेल तर
ती कधी पोचेल, सांगता येत नाही.
मी मोजत होते.
बारापाशी ढग सरकला
आणि शाळवात डुक्कर नव्हतंच:
काळवीट, पिळाच्या शिंगांचं,
आमच्याकडे बघत, तोंडात कणीस.
तिशीला त्याने चावायला सुरुवात केली.
पन्नाशीला दुसरं कणीस.
एकाहत्तरला ते माळावर चढलं, घाई न करता,
जसा शेताचा मालक जातो.
"थांबू नगं," मामा म्हणाला.
मी शंभर पुरे केले. घरी येईतो कुणी बोललं नाही.

यंदा मामा गेला.
परवाना त्याच्या नावाचा, म्हणून बंदूक जमा करायची.
नेण्याआधी मी नळीत गज सोडला.
वरच्या खुणेवर थांबला.

विजापूर वेशीजवळ दस्तगीर शिकलगारांनी
नळीत पाणी भरून ती रात्रभर टांगली.
सकाळी आटे असलेला आकडा फिरवत फिरवत
बोळा ओढला.
मोरपंखी. ओला, पण रंग तसाच.
"हे कुठलं हो सूत?"

आप्पांचा माग भंगारात गेला
त्याला एकोणीस वर्षं झाली.

म्हणजे एकोणीस वर्षं मामा
भरलेली बंदूक घेऊन बांधावर जात होता, परत येत होता.
दर निवडणुकीला ठाण्यात जमा करत होता,
पावती घेत होता, सोडवून आणत होता,
आणि कोठीत, लाठ्यांच्या शेजारी,
आमच्या घरचं सूत दारूवर बसून होतं.

छर्रे नऊ निघाले. मोठे, डुकराचे.
ते नसते तर मला सोपं गेलं असतं.
दारूचं काळं पाणी शिकलगारांनी गटारात ओतलं.
बोळा मी रुमालात बांधला.

ठाण्यातल्या फॉर्मात रकाना होता:
हत्यार शेवटचे कधी चालविले.
मी पेन धरून बसले.
बोटांना गंधकाचा वास होता, दोनदा धुऊनही.
हवालदार मागची पावती शोधत होता.
"अंदाजे लिहा बाई," तो म्हणाला.

मी अंदाजे लिहिलं.