पुढच्या मे महिन्यात आपण बुडालो

ट्रॉलर सुटून गेले की मालीम जेटीवर
डिझेलचा वास उरतो, आणि आमचा कॉम्प्रेसर
घोरत राहतो, जेवून आडव्या झालेल्या माणसासारखा.
अशा एका दुपारी उर्वीने लॅपटॉप
लाद्यांच्या हिशोबवहीवरच उघडून ठेवला.
"काका, ठरवायचं, की नुसतं बोलायचं?"

ठरवायचं होतं नळीच्या बर्फाचं यंत्र.
अडतीस लाख. गिऱ्हाईक मासळी नव्हे,
कांदोळी-कळंगुटची हॉटेलं,
ग्लासात किणकिणणारा बर्फ,
लादीच्या चौपट भाव.

तिने तक्ता मांडला.
नफ्याला वजन तीस, जोखमीला पंचवीस,
हप्त्याला वीस, मासेमारी बंदीत
कामगारांच्या हाताला काम, पंधरा.
आणि "नाव", माझ्या आग्रहाखातर, दहा.
उत्तर आलं: नको. थोडक्यात हुकलं, पण नको.

ती चहा सांगायला उठली तेव्हा मी
जोखमीतले पंधरा काढून
नावात घातले.
उत्तर आलं: घ्या.
आजोबांच्या तराजूला जे जमायचं
ते यालाही जमतं,
पारड्यावर अलगद अंगठा.

मग तिने झाड काढलं. हंगाम चांगला, बरा, वाईट,
फांदीफांदीला टक्के टांगलेले.
"वाईटाला दहाच? हे दहा कुठून आणलेस?"
"तुमच्या तोंडातून," ती म्हणाली, "सकाळी."

शेवटी तिने सगळ्यांना आत बोलावलं.
हिशोबनीस पुंडलीक, टेम्पोवाला शाणू,
आणि टाकीवरचा इनास, ज्याला या खोलीत
आजवर खुर्च्या आणायलाच हाक मारली होती.
जुन्या गेटपासांचे पाठकोरे कागद वाटले.

"समजा, पुढचा मे चालू आहे.
यंत्र बंद, दारावर बँकेची नोटीस.
बुडू का, असं विचारत नाही मी. बुडालोच आहोत.
आता कशाने, ते लिहा. नाव घालू नका."

शाणू पेन चावत बसला.
पुंडलीकने चष्मा पुसला, दोनदा.
एकदा बुडालोच म्हटल्यावर
कुणाला कुणाची भीड उरली नाही.

चिठ्ठ्या उघडल्या.
*व्याज वाढलं.* पुंडलीक, अक्षरावरून.
*पर्वरीच्या चढावर दोन तास गाडी अडकली, माल पाणी झाला.*
शाणू, कागदाच्या मासळी वासावरून.
*वीज.* हे माझंच.
चौथ्यावर रोमी लिपीत वाकडी एक ओळ,
उर्वीने अडखळत वाचली:
*कार्नावाल जातकच बांयचें उदक खारें.*

इनास पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता.
चौदा वर्षं साचे भरताना
तळहातावर थेंब घेऊन तो चाखत आला.
भरती विहिरीच्या पोटात शिरते.
बांगड्याला त्याचं काय,
तो खाऱ्यातूनच आलेला.
ग्लासवाल्याला पहिल्या घोटाला कळलं असतं.

बाटली भरून प्रयोगशाळेत धाडली.
आठ दिवसांनी अहवाल आला,
इनासची जीभच, फक्त दशांश चिन्हासकट.

झाडाला नवी फांदी फुटली: शुद्धीकरण, नऊ लाख;
नाहीतर टँकर, तोही मिळाला तर.
उर्वीने माझे पंचवीस कधीच पाहिले होते.
काही बोलली नाही. परत दहा केले,
वजनांच्या रकान्याला कुलूप घातलं
आणि खाली एक ओळ वाढवली:
*कुणाला विचारायचं राहिलं?*

यंत्र घेतलं का, लोक विचारतात.
अजून नाही. नाहीच, असंही नाही.

त्या संध्याकाळी साच्यातून लादी सुटली.
पाणी कडेने आत गोठत जातं,
जे पाणी नाही त्याला मध्यात रेटत.
तिथे एक पांढरा पट्टा राहतो.
मी त्याला इतकी वर्षं हवा समजलो.

इनासने टोच्याने कपची काढून
माझ्यापुढे धरली.
"पात्रांव, मदलें चाखून पळयात."

मी चाखलं.