दोन पडदे

मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
आमच्या दुकानाच्या फळीवर सध्या दोन हवामानं राहतात.
गच्चीवर टाकीशेजारी सेन्सर एकच.
वाऱ्याच्या तीन वाट्या, पावसाचं एक नरसाळं,
आणि नरसाळ्यावर हक्क सांगणारा पारवा.

पुतण्या नवीद म्हणाला, चाचा, महिनाभर दोन्ही वापरा,
नको तो परत पाठवू.
मुदत रविवारी संपते.

रंगीत पडदा सात इंची.
त्यात चंद्राची कोर, वाऱ्याचं फिरतं चक्र
आणि एक हसरा सूर्य, बारशाला आलेल्या पाहुण्यासारखा.
गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे बघतं,
मग सतारीकडे.
लाईट गेली की तो आभाळासकट गुल.

दुसरा करडा. काळे आकडे, जुन्या कॅल्क्युलेटरचे.
तीन सेलवर भागवतो.
बाजूनं पाहिलं तर कोरा;
नीट समोर जाऊन उभं राहावं लागतं.
डोक्यावर टिचकी मारली की पाच सेकंद उजेड,
बटणं इतकी बारीक
की मी जवारीच्या कानशीच्या टोकानं दाबतो.

मला चंद्र नको, दमटपणा हवा.
साठच्या वर गेला की सरस धरत नाही,
भिंतीवरचे भोपळे घामेजतात,
रात्री लावलेली तार सकाळी उतरलेली असते.

मंगळवारी सेन्सरचा सेल संपला.
करड्यानं तासाभरात कबूल केलं:
आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा.
रंगीत चोपन्नच दाखवत राहिला.
दारात श्रावणाची झिमझिम, कृष्णेकडनं ओला वारा,
आत चोपन्न, आणि सूर्य हसतोय.
माझी नजर त्याच्यावरच गेली,
चोपन्नच्या भरवशावर एका तंबोऱ्याची तबली चिकटवली.
बुधवारी सकाळी
नखाएवढी फट.

धाकटा भाऊ मुनीर मस्कतला असतो.
दर जुम्म्याला फोन.
कसा आहेस? एकदम मस्त.
तीन वर्षं हाच आकडा.
परवा मी विचारलं, मुनीर,
तुझा सेल तर संपला नाही ना?
तिकडनं काहीच आलं नाही.
एसीची घरघर तेवढी.
मग म्हणाला, भाई,
काम सुटलंय. बकरी ईदच्या आधीच.

आज शनिवार. रंगीत पडदा थर्माकोलात ठेवतोय.
एका कोपऱ्याची प्लास्टिकची पातळ साल
अजून काढलीच नव्हती.
नवीद म्हणतो, अपडेट टाकलं की हाही रेघा दाखवेल.
दाखवेलही.
कोर मात्र चुकल्यासारखी वाटेल, खरं सांगतो,
दुकान बंद करताना मी तिच्याकडे बघायचो.

तंबोरा तसाच उघडा पडलाय.
सरस भिजत घातलाय.
मुनीरचं विमान गुरुवारी.
समोर जाऊन उभा राहतो, टिचकी मारतो.
एकाहत्तर.
बरं. थांबतो.