शेळीने खाल्लेला रोट

नंदुरबारच्या पथारीवर मिरची पसरली
की जमीन दिसत नाही.
रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, कुणाचं तरी लग्न आहे.
बसून देठ खुडणारीला तसलं काही वाटत नाही,
तिची बोटं जळत असतात.

मी आणि सुपडाबाई भोई,
सात हंगाम एकाच ताडपत्रीवर.
तिची पाटी आधी भरते.
मग ती माझ्या पाटीत दोन मुठी टाकते
आणि दुसरीकडे बघते.

रविवारी पाळकसाहेब म्हणाले,
नाताळच्या आत प्रत्येकाने एक माणूस.
कार्डावर एक रेघ होती, तिच्यावर नाव लिहायचं.
मी लगेच लिहिलं.

रात्रभर वाक्यं घोकली.
तारण. पापक्षमा. सार्वकालिक जीवन.
घरात आम्ही मावची बोलतो,
पथारीवर अहिराणी,
आणि देवाचा विषय निघाला की माझ्या तोंडात
छापील मराठी येते, इस्त्री केलेली,
जणू ती माझी नाहीच, भाड्याने आणलीय.

जेवणाच्या सुट्टीत शिंका थांबल्यावर म्हटलं,
"सुपडाबाई, आपण सर्व पापी आहोत."
तिने बुक्कीने कांदा फोडला.
"मनं पाप कोनतं व्हय, ते सांग आधी."

मी शोधू लागले.
पाटीत तिने कधी खडा टाकला नाही.
मुकादमाला शिव्या देते,
पण तशा मला येत नाहीत म्हणूनच मी देत नाही.
कांद्याच्या दोन पाकळ्या तिने माझ्या भाकरीवर ठेवल्या.
मी अजून शोधतच होते.

"तुनं सांगू?" ती म्हणाली.
आवाज चढला नाही.
"श्रावणमा कानबाईना रोट दिन्हा व्हता तुले.
आमी भाऊबंदकीबाहेर रोट देत नही.
तुनी तो शेळीले चारा. मी देखा."

माझा घास तोंडातच राहिला.
फडक्यात गुंडाळून नेला होता मी तो,
घरामागे, कुंपणाच्या आडोशाला.
मूर्तीचा प्रसाद, खायचा कसा?
तिला नको म्हणायचं कसं?
शेळीने मुकाट्याने खाल्ला,
आणि मला वाटलं होतं, दोन्हीकडून सुटले.

पाच महिने तिला ठाऊक होतं.
पाच महिने दोन मुठी टाकत होती.

"भ्याले," मी म्हटलं.
"कोनले? मले का तुना देवले?"
"दोघांना."
ती हसली, मग खोकली. मिरची हसू देत नाही.

त्यानंतर जे बोलले ते घोकलेलं नव्हतं.
बारडोलीला ऊसतोडीला होतो तेव्हाची रात्र,
पाचटाची खोपी, पोरीचं तापलेलं अंग,
ट्रॅक्टर सकाळी मिळेल म्हणाले होते.
मंडळीत साक्ष देते तेव्हा मी धाकट्याचं सांगते,
जो वाचला त्याचं.
थोरलीचं कधीच नाही, कारण ती वाचली नाही,
आणि तिच्यानंतर हालेलुया म्हणायला कुणाची जीभ उचलणार?
पण त्याला मी ओळखते ते त्याच रात्रीपासून.
तो काही करत नव्हता.
बसला होता, बस.
पहाटे मी तिला फडक्यात गुंडाळलं
तेव्हाही उठून गेला नाही.

सुपडाबाईने हात पुढे केला, मग मागे घेतला.
तिखट बोटांनी कुणाचे डोळे पुसायचे नसतात,
पथारीवर पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

तेवढ्यात मुकादम ओरडला. काटा लागला होता.
पाटी डोक्यावर घेता घेता ती म्हणाली,
"बाकीनं सकाय सांगजो."

कार्ड अजून बायबलात आहे.
नाव खोडलेलं नाही,
पुढे बरोबरची खूणही नाही.
पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं.
बोलणं चालू आहे, एवढंच सांगितलं.

पुन्हा श्रावण येईल.
ती मला रोट देईल का, माहीत नाही.
दिला तर मी काय करीन,
तेही माहीत नाही.
एवढं मात्र खरं,
शेळी मी विकलीय.