पीळ

सुआमेच्या गल्लीत सकाळपासून पिवळं धूड उभं आहे.
काचेवर जपानी अक्षरांचा स्टिकर अजून तसाच,
दारावर फ्रेंचमध्ये कुणाचं तरी नाव, अर्धं खरवडलेलं.
तासांचं मीटर म्हणतं चार हजार,
पायाखालचं रबर म्हणतं पंधरा.
मी रबरावर विश्वास ठेवते.

मालक ड्वोमो. ट्रेलरवर घालून आणलंय ओबुआसीहून.
आधी चौघांनी पाहिलं म्हणतो.
एकाने कंट्रोलर बदलायला लावला, एकाने पंप,
तिसऱ्याने नुसती मान हलवली
आणि मान हलवण्याचेही पैसे घेतले.
चौथा म्हणाला, नजर लागली.

तक्रार एवढीच:
रिकामं फिरतं तेव्हा गुणी लेकरू.
बादली मातीत रुतली, इंजिनाने दम धरला,
की पडद्यावर लाल ओळ,
इंजिनशी संपर्क तुटला.
इंजिन तर तिथेच आहे, पाठीमागे, धडधडतंय.
एका घरात राहून अबोला.

आंतोबामला म्हणते, चावी काढ, बॅटरी सोड,
मग लाव मीटर. पिवळी आणि हिरवी.
साठ! तो ओरडतो. मावशी, साठ ओहम!
दोन टोकांना एकशेवीसचे दोन राखणदार,
दोघं जागेवर असले की साठ.
एक पळाला तर एकशेवीस,
तिसरा कुणी घुसला तर चाळीस.
पोराचा चेहरा पडतो:
उत्तर बरोबर आलं आणि रोग तसाच.

मीटर खोटं बोलत नाही रे,
पण विचारलं तेवढंच सांगतं.

दुपारी केळी तळल्याचा वास गल्लीभर,
आणि मी केबिनच्या पोटाखाली पाठीवर,
तारांचा जुडगा हातावर हात टाकत ओढते आहे
विहिरीतून दोर ओढावा तसा.
अल्टरनेटरच्या जाड केबलला चिकटून
एक जागा, काळी टेप, फुगलेली.
ब्लेडने उघडली.
आत दोन तारा शेजारी शेजारी, सरळ,
दोन हात लांब,
दिव्याला वापरतात तसली साधी वायर.

पीळ असला की बाहेरचा गोंगाट
दोघींवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो.
सरळ धावल्या की एकीला जास्त, एकीला कमी,
आणि शब्दाचा चोथा.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे सुंभ धडधाकट.
पीळ कुणी दिलाच नव्हता.

मग सांध्यावरचा दोरा दिसला.
निळा, मासेमारीचा. तीन वेढे, एक उलटा.

या गल्लीत असा दोरा कुणी बांधत नाही.
एकजण बांधायची, अकरा वर्षांपूर्वी,
उस्ताद अग्येकुमच्या शेडमध्ये.
तेव्हा हे धूड नारिंगी होतं, वागाडुगूला जायचं होतं,
ट्रेलर बाहेर हॉर्न वाजवत होता.
उस्तादाने आतून विचारलं, सेरवा, पीळ दिलास?
मी म्हटलं, हो.

किती वेळ पडून राहिले कोण जाणे.
डोळ्यात ग्रीसचा थेंब पडला, निमित्त झालं.

नव्या तारांची टोकं ड्रिलच्या तोंडात धरली,
दुसरीकडून आंतोबामने ताणून धरली,
घर्र करून वेढे पडत गेले, इंचाला एक,
बघता बघता दोनाची एक झाली.
जाड केबलपासून दूर, वेगळ्या वाटेने नेली.
मागच्या भंगाराच्या टेकाडात बादली घातली,
इंजिन कण्हलं, धूर सोडला.
पडदा गप्प.

काय होतं? ड्वोमो विचारतो.
जुनं काम होतं कुणाचं तरी, मी म्हणते.
आंतोबाम माझ्या मुठीतल्या निळ्या दोऱ्याकडे बघतो
आणि पाने पुसायला लागतो.
पैसे मी अर्धेच घेतले.
ड्वोमोने दोनदा मोजून पाहिलं, म्हणाला,
मावशी, हिशेबात चुकलात.

पोराला आता मी विचारत नाही, पीळ दिलास का.
टेप लावण्याआधी
दाखव म्हणते.