ओढ्यावरची मुलाखत

चार शाळांची माहितीपत्रकं आठवडाभर फ्रीजवर,
डाळिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली.
मी औषधांच्या दुकानात काम करते,
बारीक अक्षरं वाचायची सवय आहे मला:
बसचे पैसे वेगळे. गणवेश नाही.
पावसाळी बूट मात्र सक्तीचे.
वर्षाची फी म्हणजे झुराबचे सात पगार,
किंवा आईची रुस्तावीतली खोली, विकली तर.

"प्रकल्प म्हणजे नेमकं काय गं?"
कोजोरीच्या चढावर दुसरा गिअर टाकत त्यानं विचारलं.
"आम्हाला एकच प्रकल्प होता.
पाढा चुकला की पट्टी."
मागच्या सीटवर तेक्ले चुर्चखेला खात होती,
द्राक्षरसात बुडवलेली ती अक्रोडांची माळ,
एकेक अक्रोड ओढून काढत,
दोरा बोटाला गुंडाळत.

मी फाटक शोधत राहिले.
तुतीच्या झाडाला टांगलेली घंटा होती, बस्स,
आणि खातुना नावाची शिक्षिका, गुडघ्यापर्यंत चिखल.
हात पुढे करण्याआधी तो तिनं पँटला पुसला.
वर्ग दाखवा म्हटलं,
तर ओढ्याकडे चालू लागली.

ओढ्यात पोरं तीन भाषांत भांडत होती.
फळ्या, सुतळी, जुन्या सायकलचं चाक.
काठावर पाटी, खडूनं:
पूल पहिला, मंगळवारी पडला.
दुसरा, शुक्रवारी, ओतोवर. ओतो बरा आहे.

तिसरा उभा होता.

माझा नवरा पुलांचा तपासनीस आहे.
एकोणीस वर्षं लोकांना सांगत आलाय,
इथून जाऊ नका.
त्यानं डोळे बारीक केले आणि मला कळलं:
डावीकडचा खांब. वाळूत.
त्याचे हात शिवशिवले, ओठ उघडले.
खातुनानं मान वळवलीसुद्धा नाही.
"आम्हालाही दिसतंय," एवढंच म्हणाली.

ते वाक्य मी फीच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिलं.
वजन कुणाचं जास्त, सांगता येईना.
पाणी घोट्याइतकंच होतं,
पण गार असं की बघूनच दात वाजावेत.

तेक्लेनं नवे बूट काढले नाहीत, कुणाला विचारलं नाही,
सरळ फळीच्या मधोमध जाऊन थांबली.
"बाबा, हा डावीकडे हलतोय."
झुराबनं जीभ चावली. मी पाहिलं, खरंच चावली.
मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
त्यानं पुलावरच्या माणसाला विचारलं,
"मग आता काय करशील?"

उत्तर यायच्या आत पूल गेला.

कुणी धावलं नाही. मी धावणार होते,
झुराबनं माझी बाही धरून ठेवली,
आणि ती बसली होती ओढ्यात, कमरेपर्यंत ओली,
वाळू मुठीत घेऊन बघत,
जणू दुकानातलं एखादं औषध
वास घेऊन ओळखायचंय.
ओतो खडू घेऊन आला.
'तिसरा, शनिवारी,' लिहून अडला,
"तुझं नाव कसं लिहायचं?"
तिनं खडूच मागून घेतला.

परतताना गाडीचा हीटर आणि ओल्या मोज्यांचा वास.
कुणीच बोललं नाही, वळणावरच्या पुलापर्यंत.
तिथं झुराबनं गाडी कडेला लावली
आणि दोघं खाली उतरून खांब बघायला गेली,
मला न विचारता.

फी कशी भरायची, ते अजून ठरलेलं नाही.
आईला फोन केला, खोलीचा विषय काढला नाही.
फ्रीजवरची तीन पत्रकं मात्र काढली.
डाळिंब आता चौथ्यावर तिरकं बसतं,
कारण त्याच्याखाली तेक्लेनं
चुर्चखेलाचा दोरा वाळत घातलाय.