तिसऱ्याच्या डब्यात

दर गुरुवारी रात्री मी एक पान लिहितो,
फुलस्केप, एकाच बाजूनं,
आणि शुक्रवारी पहिल्या अजानीआधी
लिफ्टशेजारी चिकटवतो,
रुवीतल्या आमच्या चार मजली इमारतीत,
जिथं मराठी वाचणारी बावीस माणसं आहेत.
मोजलीत मी. तुस्कानोंची धाकटी धरून,
ती अजून जोडाक्षरांना अडखळते.

पानावर काय, काहीही.
विमानतळावर अडवलेले सुके बोंबील.
एसीच्या पाण्यावर वाढवलेला कढीपत्ता.
कंपनी बुडाली तेव्हाचे सहा महिने.

लोकांना उत्तर द्यायचं असायचं.
आधी जिन्यात गाठून द्यायचे,
मग समासात, पेन्सिलीनं.
मग समास संपला
आणि दळव्यांनी माझ्या वाक्यावरच वाक्य लिहिलं.

बायको म्हणाली, एक डबा ठेवा.
पण डबा आमच्याच दारात ठेवला,
आणि उघडणारा मीच, हे ठाऊक असलं,
तर खरं कोण लिहील?
तिसरा माणूस हवा.

खालचा झेरॉक्सवाला शफीकुल म्हणाला,
माझ्याकडे ठेवा, फुकट.
पेटी माझी, कुलूप माझं,
फक्त प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर माझा शिक्का:
पासपोर्ट फोटो, आठ प्रती, एक रियाल.
शिवाय पानासमोर कोण किती वेळ थांबतं
ते पोऱ्या टिपून ठेवील. धंद्याला बरं.
'फुकट' हा शब्द मी त्या दिवशी
उलटा करून, तळाशी किंमत शोधत पाहिला.

कुंजिमोईदीनच्या दुकानात शिस्त.
खातं असेल त्यानंच लिहायचं.
नाव, फ्लॅट, बताक्यावरचा नंबर,
म्हणजे खोट्याला जागा नाही.
पण मेहरून मुकादम,
जिचा व्हिसा दोन वर्षांपूर्वी संपलाय,
ती कुठला नंबर लिहिणार?
आणि बोंबलांवरचं सगळ्यांत शहाणं उत्तर
तिचंच होतं.

उरला दारावरचा यारमहंमद, तुर्बतचा.
खजुराचा पत्र्याचा डबा धुऊन घेऊन आला.
म्हणाला, एकच आहे साहेब,
तुमची अक्षरं मला वाचता येत नाहीत.
ओशाळून म्हणाला.
मी तिथंच ठरवलं.

बरेच महिने नीट चाललं.
शनिवारी डबा वर यायचा,
वाचून मी तो तसाच खाली द्यायचो.
घर लहान, आणि चिठ्ठ्या माझ्या आहेत
असं काही वाटायचं नाही.
एकदा दोन चिठ्ठ्या वेगळ्या आल्या, रबर लावून.
या का रे?
त्यानं कागद पालथा करून बोट फिरवलं.
पेन टोचलंय इथे. रागात लिहिलंय कुणीतरी.
आधी चहा घ्या, मग वाचा.

एक दळव्यांची होती, मला.
दुसरी माझी.
दळव्यांना. नाव न घालता.
मी चहा घेतला.

रमजानात तो गावी गेला, तो आलाच नाही.
मेंटेनन्सवाल्यांनी त्याची खोली एका दुपारीत रिकामी केली,
गादी, शेगडी, डबा.
मी ऑफिसातून आलो तेव्हा
टेम्पो निघून गेला होता.

माझी पानं फायलीत आहेत, तारखेनं लावलेली.
परवा काढून वाचत बसलो.
फोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी
बसल्यासारखं वाटलं:
हो, नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला,
आणि पलीकडे कोण होतं ते ऐकूच येत नाही.
मेहरूननं बोंबलांचं काय सांगितलं होतं?
मिठाचं काहीतरी. वाऱ्याचं काहीतरी.

नवा दरवान भला वाटतो.
त्यानंच विचारलं, डबा ठेवू का?
मी विचारलं, मराठी वाचता येतं?
थोडं थोडं, म्हणाला खुशीत,
भोसरीला पाच वर्षं होतो.

बघतो म्हणालो,
आणि लिफ्ट वरच होती,
जिन्यानं गेलो.