ळ

मरोळ गावठाणात, चर्चमागच्या हॉलमध्ये
मंगळवार-शुक्रवार, रात्री आठ ते साडेनऊ
मी मराठी शिकवतो.
ज्यांना मराठी येते त्यांना.

अकरा जण.
धाकटा क्लाइड, एकोणीस, कॉल सेंटरला जाण्याआधी येतो.
थोरली लिओनीबाय मिस्किटा, एकाहत्तर.
शाळा कॉन्व्हेंटची, भांडण मराठीत,
लग्नातली गाणी मराठीत, सही इंग्रजीत.
सिटी सर्व्हेच्या कचेरीत अर्ज मराठीतच लागतो,
म्हणून आलेत सगळे,
वह्या नव्या, पेन्सिली टोकदार,
चेहरे दवाखान्यात बसल्यासारखे.

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं : सामान्यरूप.
कोणी हललं नाही. आजाराचं नाव असावं तसं.
मग विचारलं,
पाणी आहे, मीठ आहे, मीठ कशात टाकाल?
"पान्यान!" अकरा जण, एका दमात.
म्हटलं, झालं. णी चा ण्या झाला ना? ह्यालाच म्हणतात.
रिक्षावाला आग्नेल किनी मागच्या बाकावरून म्हणाला,
"म्हंजे जल्मापासून गुन्हा करत होतो,
आज कलम कललं."

मग ळ.
जीभ मागे वळवा, टाळूला टेकवा, सोडा.
"टालूला," लिओनीबाय म्हणाली, आणि वर्ग हसला.
क्लाइड म्हणाला, "सर, मेट्रोवाले पन इंग्लिशमदी
मरोलच लिवतात."

त्यांना मी सांगितलं नाही
की यावलच्या शाळेत मी 'शाया' म्हणालो होतो
आणि नेहेते मास्तरांनी
पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारली होती.
तो ळ तोंडात बसायला चौथी उजाडली.
सुट्टीत घरी गेलो की मात्र
आईच्या चुलीपाशी आपोआप गळून पडायचा,
चपला उंबऱ्याबाहेर राहतात तसा.
आई जाऊन अकरा वर्षं झाली.
आता चोवीस तास पायात.

गृहपाठ दिला : वारसनोंदीसाठी अर्ज.
लिओनीबायने लिहिलं,
"महोदय, तुमी बरे असाल.
माज्या पास्कूला काल घेऊन गेला.
घर त्याच्या नावावर हाय."
लाल पेन उघडलं.
सोबतच्या दाखल्यावर तारीख सहा वर्षांपूर्वीची.
'काल' असेल तर वाक्यात कर्ता नाही.
'काळ' असेल तर अक्षर चुकलं.
कुठूनही बघा, अर्धा गुण जातो.
तिलाच विचारलं, बाय, काल की काळ?
ती थोडा वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिली.
"आमच्यात दोन नाय, सर. एकच हाय."

पण कारकून अर्ज परत करतो. त्याला कर्ता लागतो.
म्हणून सांगितलं, लिहा :
माझे पती कै. पास्कोल मिस्किटा यांचे
"कै. म्हंजे?"
कैलासवासी.
"पास्कू कैलासाला कशाला जाईल? थंडी सोसत नव्हती त्याला."
बरं, मग दिवंगत लिहा.
तिने लिहिलं. गोल, सावकाश, रेघेवर.
'सबब विनंती' दोनदा खोडलं.
'मरोळ' लिहिताना ळ ची दोन्ही वेटोळी
गाठोडं बांधावं तशी ओढून घेतली,
आणि पान माझ्याकडे ढकललं.
अचूक होता अर्ज.
एकही चूक नव्हती, आणि पास्कूही नव्हता.

साडेनऊला हॉलचे दिवे गेले.
आग्नेलने रिक्षा वळवून दारात आणली,
"सर, कुठं सोरू?"
मी बसलो. मांडीवर वह्या.
आणि कित्येक वर्षांनी, न ठरवता,
तोंडातून निघालं,
"त्या पालिकेच्या शायेजवय."

त्याने मागे वळून पाहिलं नाही.
मीटर पाडला.